माडीचें विरजण

मालवणच्या किनाऱ्यावर, पहांटेच्या अंधुक उजेडांत, कमरेला कोयता खोंवून आणि वाळक्या भोपळ्याचें भांडें लटकावून माडावर चढणारा भंडारी हें दृश्य पिढ्यानुपिढ्या नित्याचें होतें. वर गेल्यावर तो जें करी तें खालून पाहणारास फारसें दिसत नसे. रात्रभर पोयीखालीं बांधलेल्या मडक्यांतला रस तो भोपळ्यांत ओती, पोयीच्या टोंकाचा पातळसा काप घेई, मडकें पुन्हां बांधी आणि उतरे. या सगळ्यास कांहीं मिनिटें पुरत. परंतु त्या कांहीं मिनिटांत त्याला तीन गोष्टींचा निर्णय करावा लागे. मडकें धुवावयाचें कीं नाहीं. तळाशीं बसलेला पांढुरका गाळ ठेवावयाचा कीं खरवडून टाकावयाचा. आणि आंतून चुना फांसावयाचा कीं नाहीं. पुढच्या चार प्रहरांत त्या रसाचें काय होणार हें या तीन गोष्टींवर ठरत असे. पुढें असा एक काळ आला कीं, भंडाऱ्याच्या हातून कायदा पाळला गेला कीं मोडला गेला, हेंही याच तीन गोष्टींवर ठरूं लागलें.

पोयींतून रस काढण्याची कृति सांगावयास सोपी, करावयास कठीण. पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. ती उकलूं नये म्हणून तिच्याभोंवतीं घट्ट वेढे द्यावयाचे, लांकडी ठोकळ्यानें तिला रोज हलक्या हातानें ठोकावयाचें, टोंक थोडथोडें छाटीत जावयाचें आणि हळूहळू तिला खालीं वांकवावयाचें. दोन-तीन आठवडे अशी सेवा झाली म्हणजे छाटलेल्या टोंकांतून रस ठिबकूं लागतो. ठोका जोराचा बसला तर पोय आंतून सडते. फारच हलका बसला तर रसच येत नाहीं. एकदां रस सुरू झाला कीं दिवसांतून दोनदां, कोठें तीनदां, नवा काप घ्यावा लागतो. खाडा झाला तर जखम सुकते आणि सारी मेहनत फुकट जाते. एका माडापासून दिवसाला साधारण एक ते दोन लिटर रस मिळतो. ज्या पोयीचा रस काढला तिला नारळ धरत नाहीं, हा हिशेब माडाचा मालक कधीं विसरत नसे.

या ताज्या रसांत शंभर भागांमागें बारा ते पंधरा भाग साखर असते आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. युरोपांत बिअर करणारा मनुष्य बार्लीला मोड आणून, ती भाजून, भरडून, गरम पाण्यांत मुरवून, गाळून आणि उकळून जें गोड पाणी तयार करतो, त्यांतही साखर साधारणतः इतकीच असते. म्हणजे बिअरवाल्याला दिवसभर खपून जें मिळवावें लागतें तें माड आपण होऊन देतो. फरक पडतो तो यापुढें. बिअरवाल्याचें गोड पाणी उकळलेलें असतें. त्यांत जिवंत असें कांहीं उरलेलें नसतें. तें थंड करून त्यांत बाहेरून यीस्ट घालावें लागतें. माडाचा रस मात्र कच्चाच मडक्यांत पडतो, आणि त्यांत कोणीं कांहीं घातल्याचें दिसत नाहीं. तरीहि तो आंबतो, आणि अशा वेगानें आंबतो कीं, पहांटे गोड असलेला रस दुपारीं फसफसलेली माडी झालेला असतो.

हा वेग येतो कोठून, याचें उत्तर कोणत्याही गृहिणीस देतां येईल. दूध तापवून, निववून, त्यांत चमचाभर विरजण घातलें तर सकाळीं दहीं लागतें. विरजण कमी पडलें, कीं दहीं उशीरां लागतें आणि त्यास भलताच वास येतो. दूध फार गरम असतांना विरजलें, तर तें पाणचट होतें. थंडींत विरजण जास्त घालावें लागतें आणि भांडें उबेला ठेवावें लागतें. बिअरच्या धंद्यांतलें सारें शास्त्र या चार वाक्यांत आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. विरजण किती, आणि तें घालतांना व घातल्यावर ऊब किती, हेच तेथले दोन मुख्य प्रश्न.

आज युरोप-अमेरिकेंत घरच्या घरीं बिअर करणारे हौशी लोक या प्रश्नांचें उत्तर आंकड्यांत देतात. वरच्या थरांत आंबणाऱ्या, ‘एल’ जातीच्या साध्या बिअरसाठीं एका मिलिलिटरामागें सुमारें नव्वद लाख यीस्टपेशी आणि अठरा ते वीस अंश सेंटिग्रेड ऊब. तळाशीं बसणाऱ्या यीस्टच्या ‘लागर’ बिअरसाठीं त्याच्या दुप्पट पेशी आणि नऊ ते तेरा अंश ऊब. थंडींत पेशींची वाढ मंदावते म्हणून त्या आधींच जास्त घालावयाच्या, हें गृहिणीचेंच सूत्र. ऊब वाढली तर यीस्ट भराभर काम करतें खरें, परंतु त्या घाईंत मद्यार्काबरोबर इतर जड मद्यें आणि उग्र वासाचे पदार्थही तयार होतात, आणि पिणाराचें डोकें दुसऱ्या दिवशीं दुखतें. महाराष्ट्रांत हा छंद परवान्याशिवाय करतां येत नाहीं, हें येथें सांगून ठेवलेलें बरें.

हे आंकडे युरोपलाही फार उशीरां कळले. हॉलंडच्या लेवेनहूकनें १६८० सालीं आपल्या भिंगाखालीं यीस्टचे गोल कण पाहिले. ते जिवंत आहेत अशी त्याची कल्पना नव्हती. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार-लातूर आणि जर्मनींत श्वान यांनीं ते सजीव असल्याचें प्रतिपादिलें, तेव्हां त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्र्यांनीं त्यांची थट्टा केली. लुई पाश्चरनें १८५७ पासून आंबण्याच्या क्रियेवर प्रयोग करून तो वाद मिटविला आणि १८७६ सालीं बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बिअर नासते ती तींत नको असलेले जंतु शिरतात म्हणून, हा त्या ग्रंथाचा गाभा. त्यापुढचें पाऊल कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांतील एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें टाकलें. १८८३ सालीं त्यानें एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट कारखान्यांत वापरून दाखविलें. मालक याकोबसेन यानें तें गुपित राखण्याऐवजीं मागेल त्या कारखान्यास देऊन टाकलें. व्यापाराच्या इतिहासांत असें औदार्य विरळा.

विरजणाचा प्रश्न असा सुटला. उबेचा प्रश्न मात्र युरोपानें शास्त्राच्या आधींच, कायद्यानें सोडविला होता. बव्हेरियाच्या ड्यूकनें १५५३ सालीं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या अवधींत बिअर करण्यास मनाई केली. कारण उघड होतें: उन्हाळ्यांतली बिअर नासे. मनाईचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, थंडींत सावकाश काम करणाऱ्या यीस्टची जात तेथें टिकून राहिली. ही जात म्हणजे नेहमींचें यीस्ट आणि एक थंडी सोसणारें रानटी यीस्ट यांचा संकर. त्या रानटी यीस्टचा पत्ता शास्त्रज्ञांस अगदीं अलीकडे, २०११ सालीं, दक्षिण अमेरिकेच्या पाटागोनिया प्रांतांतील अरण्यांत लागला. १८७० नंतर जर्मनींतील कार्ल फॉन लिंड यानें थंडी निर्माण करणारें यंत्र तयार केलें आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक होते म्यूनिचचे बिअरवाले. इंग्रजांनीं हिंदुस्थानांत बिअरचा पहिला कारखाना १८५५ च्या सुमारास काढला तो मुंबईंत नव्हे, मद्रासेंत नव्हे, तर हिमालयाच्या कुशींत कसौलीला. त्याचेंही कारण तेंच. यंत्र नव्हतें तेव्हां थंडी असेल तेथें जाणें भाग होतें.

आतां मालवणच्या माडाकडे परत यावें. येथें पौष-माघांतही दुपारीं तीस अंशांच्या आसपास ऊब असते, आणि पावसाळ्यांतल्या रात्रींही हवा कोंदट उबदार असते. थंडी विकत आणण्याची सोय नाहीं, यीस्ट विकत आणण्याचीही नाहीं. युरोपियन बिअरवाल्यास या परिस्थितींत धंदा गुंडाळावा लागला असता. भंडाऱ्यानें तो चालविला, आणि तो कसा चालविला हें पाहिलें म्हणजे त्याच्या साधनांकडे नव्या दृष्टीनें पाहावेंसें वाटतें.

पहिली गोष्ट मडकें. कच्च्या-पक्क्या भाजलेल्या मातीला असंख्य छिद्रें असतात. मडकें एकदां माडीला लागलें कीं त्या छिद्रांत आणि तळच्या गाळांत यीस्ट घर करून राहतें. रस ओतून घेतल्यावर न धुतां तेंच मडकें पुन्हां बांधलें, म्हणजे नव्या रसाच्या पहिल्या थेंबालाच विरजण लागलेलें असतें. रस बारा तास ठिबकत असतो आणि तितकाच वेळ तो आंबतही असतो. नवें कोरें मडकें बांधलें तर विरजण वाऱ्यानें आणि माशा-मुंग्यांच्या पायांनीं यावें लागतें, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवकाशांत नको असलेले जंतु हातपाय पसरतात. भंडाऱ्याच्या घरीं मडकें जुनें झालें म्हणून लगेच कोणी टाकून देत नसे, त्याचें कारण केवळ गरिबी नव्हे.

दुसरी गोष्ट मडक्याचा लहान आकार. साखरेचें मद्य होतांना उष्णता बाहेर पडते. मोठ्या पिंपांत ती कोंडली जाते आणि आंतला रस बाहेरच्या हवेपेक्षां कितीतरी तापतो. म्हणून कारखान्यांतल्या टाक्यांना थंड पाण्याच्या नळ्यांचे वेढे असतात. दोन-चार लिटरांच्या मडक्याला हें भय नाहीं. शिवाय मातींतून ओल झिरपते आणि ती वाळतांना मडकें थंड होतें. पिण्याचें पाणी थंड करण्याची हीच घरगुती युक्ति. त्यांत माडाच्या शेंड्यावर समुद्राचा वारा अखंड. रसाची ऊब हवेच्या उबेच्या फार वर जात नाहीं, ती एवढ्यामुळें.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. जेथें उबेवर सत्ता चालत नाहीं तेथें घड्याळावर चालवावी लागते. माडाच्या रसांत तीन क्रिया एकमेकींच्या पाठोपाठ आणि कांहीं अंशीं एकमेकींत मिसळून चालतात. प्रथम दुधाचें दहीं करणाऱ्या जातीचे जंतु रस आंबट करतात. त्या आंबटपणांत यीस्टला आणि त्याच्या जोडीदार एका जंतूला जोर चढतो. हा जोडीदार जंतु यीस्टच्याच कुळांतला नव्हे, तरी साखरेचें मद्य यीस्टहूनही जलद करतो. त्याची ओळख जर्मन शास्त्रज्ञ लिंडनर यास १९२० नंतरच्या दशकांत मेक्सिकोंतील घायपातासारख्या झाडाच्या माडींत पटली. दिवस कलतां कलतां मद्याचें प्रमाण शेंकडा चार-पांचपर्यंत जातें. नंतर हवेंतील प्राणवायूवर जगणारे शिरक्याचे जंतु मद्याचा शिरका करूं लागतात. सकाळची माडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्यावी तर घशाला झोंबते. आणखी कांहीं दिवसांनीं ती लोणच्यांत आणि मटणांत घालावयास उत्तम. भंडाऱ्याची सकाळ-संध्याकाळची फेरी ही या तीन क्रियांच्या मधली सांधेजोड होती. ती चुकली कीं माल बदलला.

थंड देशांतले बिअरवाले ऊब म्हणजे शत्रु असें शिकले, परंतु तो सर्वत्र शत्रु नाहीं. नॉर्वेच्या पश्चिम खोऱ्यांतील शेतकरी घरची बिअर तीस ते चाळीस अंशांच्या उबेला, म्हणजे अंगाइतक्या कढत पाण्यांत, विरजतात. त्यांचें यीस्ट लांकडी कड्यांवर वाळवून वर्षानुवर्षें ठेवीत आणि शेजारधर्मानें एकमेकांस देत. तें ‘क्वाइक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. २०१८ च्या सुमारास शास्त्रज्ञांनीं त्याची तपासणी केली तेव्हां असें दिसलें कीं, तें एका वेगळ्या कुळांतलें असून तेवढ्या उबेंतही उग्र पदार्थ फारसे निर्माण करीत नाहीं. पिढ्यानुपिढ्या गरम रसांतून निवडून निवडून घरोघरच्या हातांनीं तें घडलेलें आहे. मालवणी मडक्यांतल्या यीस्टचा असा वंशवृक्ष कोणीं मांडण्याचें मनावर घेतलें, तर त्यांतही पाहण्यासारखें पुष्कळ निघेल.

या विरजणाचा उपयोग केवळ पिण्यासाठीं होता असेंही नाहीं. शेजारच्या गोव्यांत पोर्तुगीजांनीं गव्हाचा पाव आणला, पण पाव फुगविणारें यीस्ट त्यांना येथें मिळेना. ती उणीव माडीनें भरून काढली. गोव्याचा पोदेर कित्येक पिढ्या पिठांत माडी घालून पाव फुगवीत आला. तिकडे माडीस सूर म्हणतात आणि ती काढणारास रेंदेर. नाताळांतल्या सांन्नां याही माडीनेंच फुगत. एकाच मडक्यांतला गाळ कोणाची भाकर फुगवी आणि कोणाचें मस्तक, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भंडारी या नांवाची व्युत्पत्ति कोणी ‘मंडहारक’ म्हणजे मद्य करणारा या संस्कृत शब्दापासून लावतात, कोणी भांडारापासून. समाजाच्या अभिमानाला दुसरी अर्थातच अधिक रुचते. आणि ती रुचण्यास आधारही आहे, कारण हे लोक केवळ माडावर चढत नसत. शिवाजी महाराजांच्या आरमारांत मायनाक भंडारी याचें नांव गाजलें; १६७९ सालीं खांदेरीवर इंग्रजांशीं झगडणारा तोच. दक्षिण कोंकणांतले हेटकरी बंदुकधारी म्हणून मराठी फौजेंत नांवाजलेले होते, आणि मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर तेथल्या रखवालीसाठीं जी पलटण उभी झाली ती भंडाऱ्यांची. शरीर चपळ, उंचीची भीति नाहीं, हात नेमका: माडावरची ही तालीम गलबताच्या डोलकाठीवर उपयोगी पडली, यांत नवल नाहीं. मालवण १८१२ सालीं कोल्हापूरकरांकडून कंपनीकडे आलें. आरमारें मोडलीं, पलटणी मोडल्या. माड तेवढे उरले.

त्यांच्यावरही सरकारची नजर गेली. माडीचा कर नवा नव्हता. गांवोगांव तो मक्त्यानें वसूल होई. परंतु मुंबई सरकारनें १८७८ सालीं अबकारीचा जो नवा कायदा केला त्यानें सगळी व्यवस्था बदलली. परवान्याशिवाय कोणत्याही झाडाचा रस काढतां येईना. कर झाडामागें बसला. तो रस किती निघाला, गोड निघाला कीं आंबट, पोय सडली कीं धरली, हें पाहत नसे. माडी गाळून दारू करण्याची घरगुती रीत बंद पडली आणि दारू मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांतून येऊं लागली. अबकारी कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणाप्रमाणें झाडांवरचा कर वाढत गेला. उत्तरेकडे ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत भंडाऱ्यांनीं ओरड केली कीं, हा कर मोहाच्या दारूचा खप वाढावा म्हणूनच चढविला जात आहे. ती तक्रार अगदींच निराधार नव्हती. स्वस्त माडीशीं चढ्या भावाच्या दारूला टक्कर देतां येत नसे, हें अबकारी खात्याला चांगलें ठाऊक होतें. त्याच वर्षीं, १८७८ च्या डिसेंबरांत, इंग्रज-पोर्तुगीज तह होऊन गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवरही इंग्रजी वजन बसलें. १८९२ सालीं तो तह संपला, तरी तोंपर्यंत तेरेखोलच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माडांत फरक करणें इंग्रजी अंमलदारास कमी जरूरीचें वाटूं लागलें होतें.

कायद्याच्या भाषेंत झाड मोजतां येत होतें, दुकान मोजतां येत होतें, पिंप मोजतां येत होतें. मडक्यांतला गाळ मोजतां येत नव्हता. पुष्कळ भंडारी कुटुंबांनीं या काळांत मुंबईची वाट धरली. गिरणी, पोलीस, छापखाना, बंदर, जेथें हात लागेल तेथें. मालवणांत मागें राहिलेल्यांनीं शिक्षणाकडे लक्ष घातलें, आणि भंडारी समाजानें काढलेलें हायस्कूल आजही त्या गांवांत आहे.

खरी कसोटी दारूबंदीनें पाहिली. १ ऑगस्ट १९३९ रोजीं खेर मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी आणली. युद्धामुळें ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सबंध प्रांतांत पूर्ण बंदी लागू झाली. कायदा करणारांचा हेतु स्वच्छ होता, हें मान्य करावें. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें त्यांनीं पाहिलीं होतीं, आणि माडीच्या दुकानापुढें लोळणाऱ्या नवऱ्याची बायको या कायद्याच्या विरुद्ध नव्हती. माडावर पोट असलेल्यांचा त्यांना विसर पडला होता, असेंही नाहीं. गांधीजींनीं ‘हरिजन’ पत्रांतून ताडगुळाचा पुरस्कार केला होता. म्हणून कायद्यानें माडी बंद केली, पण नीरा ठेवली.

आतां नीरा म्हणजे काय? कायद्यानें तिची व्याख्या दिली आहे. माड, ताड, खजुरी किंवा दुसऱ्या अशाच झाडाचा, न आंबलेला, आणि आंबूं नये अशी योजना केलेल्या भांड्यांत काढलेला रस म्हणजे नीरा. व्याख्येंत झाडाबरोबर भांडें आलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १८७८ च्या कायद्याला जें दिसलें नव्हतें तें या कायद्याला दिसलें. माडी आणि नीरा यांचें झाड एकच, पोय एकच, कोयता एकच, हात एकच. फरक काय तो मडक्याच्या आंतल्या बाजूला. चुना फांसलेलें मडकें कायदेशीर, जुना गाळ असलेलें मडकें गुन्हा.

चुन्यानें काय होतें? रस आंबट होऊं पाहतो, चुना त्याला आंबट होऊं देत नाहीं, आणि आंबटपणाशिवाय यीस्टचा जोर चढत नाहीं. कोंकणांत माडाचा गूळ करणारे ही युक्ति पूर्वीपासून जाणत होते. परंतु चुना कमी पडला तर रस आंबतो, आणि अधिक पडला तर चव बिघडते; शिवाय दुपारचें ऊन त्याचें काम हळूहळू निष्फळ करीतच असतें. पहांटे चारला काढलेली निर्मळ नीरा उन्हांतून पांच कोस चालत बाजारांत आणली तर ती विकणाराच्या हातांत माडी होऊं लागे. थंडीची पेटी नाहीं, बर्फ नाहीं. मालवणच्या उबेंत नीरा ही कांहीं घटकांची वस्तु होती, आणि त्या घटका संपल्यावर तिचा धनी, कांहींही न करतां, गुन्हेगार ठरण्याचा संभव होता. बव्हेरियाच्या ड्यूकनेंही उबेसंबंधानें कायदा केला होता. पण त्यानें ऊब असेल तेव्हां कामच बंद ठेवावयास सांगितलें, कारण ऊब हुकमानें हटत नाहीं हें तो जाणून होता. मुंबईच्या कायद्यानें भंडाऱ्यास काम चालूं ठेवावयास सांगितलें आणि उबेचा जाब त्याच्याकडे मागितला.

या काळांत पुष्कळांनीं कोयता खालीं ठेवला. कांहीं नीरेच्या परवान्यावर राहिले, कांहीं रात्रीं चोरून माडी काढीत राहिले, आणि गांवठी दारूच्या भट्ट्या डोंगरांतल्या ओहोळांवर गेल्या. तेथें जें तयार होई तें माडीपेक्षां कितीतरी जहाल असे. ज्याला मडकें लपवितां येत नाहीं तो बाटली लपवितो. १९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांत बंदी सैल झाली आणि परवान्याच्या माडीच्या दुकानांची पाटी पुन्हां दिसूं लागली. १९४९ चा कायदा मात्र, नांव बदलून, आजही उभा आहे, आणि नीरेची व्याख्याही.

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तोंवर माडावर चढणाऱ्यांची संख्या ओसरूं लागली होती. आज नारळ पाडण्यालाही माणूस शोधावा लागतो. भोपळ्याचें भांडें गेलें, बहुतेक ठिकाणीं मातीचें मडकेंही गेलें, त्यांच्या जागीं प्लास्टिकचा कॅन आला. तो फुटत नाहीं, हलका आहे, दोरीनें सहज खालीं सोडतां येतो. पण त्याला छिद्रें नाहींत. स्वच्छ धुतला कीं त्यांत मागचें कांहीं उरत नाहीं, आणि न धुतला तर घाण उरते, विरजण कितपत उरतें याची शंका आहे. त्याच्या भिंतींतून ओल झिरपत नाहीं, म्हणून दुपारच्या उन्हांत तो तापतो. जुनीं माणसें म्हणतात कीं, माडीला पूर्वीची चव नाहीं. जुनीं माणसें सर्वच वस्तूंविषयीं असें म्हणतात, तरी या एका बाबतींत त्यांच्या म्हणण्याला कारण दाखवितां येतें.

केरळांत कासरगोड येथें नारळावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनीं पोयीला बांधावयाची एक बर्फाची पेटी तयार केली आहे. पोयीचें टोंक नळींत बसवितात, नळीच्या शेवटीं बर्फानें वेढलेली पिशवी असते, आणि ठिबकणारा प्रत्येक थेंब पडतांक्षणींच गार होतो. चुना लागत नाहीं. अशा रीतीनें काढलेला रस आंबट होत नाहीं, त्याचा गूळ आणि साखर उत्तम होते, आणि शीतपेटींत तो कित्येक दिवस टिकतो. जी थंडी शोधीत इंग्रज कसौलीला गेले आणि जिच्यासाठीं लिंडनें यंत्र केलें, ती अखेर माडाच्या शेंड्यावर पोंचली आहे. ती पेटी घेऊन वर चढणारास मात्र अजून दोरी, पायांतली पकड आणि कमरेचा कोयता हेच लागतात, आणि बर्फ रोज सकाळ-संध्याकाळ बदलावा लागतो.